डेल हाकोलाचा डावा खांदा

डेल हाकोलाच्या उजव्या डोळ्यात नागीण झाली तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता. नागीण कमरेला होते, पाठीला होते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. डोळ्यात होते हे डॉक्टरने सांगेपर्यंत कोणाला माहीत नव्हतं. दीड महिन्यात डोळा गेला. म्हणजे डोळा जागेवर राहिला, बघायचं तेवढं बंद झालं. ब्यूटच्या हॉस्पिटलातून त्याला घरी आणताना मी विचारलं, कसं वाटतंय. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, आणि खिडकी उजवीकडे होती.

"उजवीकडे काही घडत नाही," तो म्हणाला.

मी सव्वीस वर्षं त्याच्याबरोबर काउंटीच्या बर्फ काढायच्या गाडीवर होतो. तो चालवायचा, मी बाजूचं पातं वर-खाली करायचो. विलो फोर्क ते खिंड आणि खिंड ते विलो फोर्क. नोव्हेंबर ते एप्रिल बर्फ, मे ते ऑक्टोबर त्याच रस्त्याचे खड्डे. त्याने लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचा, हिवाळा आडवा आला. आमच्या भागातला हिवाळा ज्यांनी पाहिलाय ते यावर पुढे काही विचारत नाहीत.

डोळा गेल्यानंतरच्या वसंतात त्याने आपली पिकअप लुथरन चर्चच्या पाटीवर घातली. पाटी उजव्या हाताला होती. तिच्यावर त्या रविवारच्या प्रवचनाचा विषय लावलेला होता, त्यातली अर्धी अक्षरं बॉनेटवर आली. डेलने पाटी स्वतःच्या हाताने पुन्हा उभी केली, अक्षरं लावली, आणि पुढच्या बुधवारी चाळीस मैल गाडी चालवत काउंटीच्या कचेरीत गेला. तिथे महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या बुधवारी वाहन परवान्याची बाई येते. त्याने तिच्या टेबलावर आपला परवाना ठेवला.

"नूतनीकरण?" बाईने विचारलं.

"परत."

"का?"

"एक डोळा गेला."

"एका डोळ्याने गाडी चालवता येते, मिस्टर हाकोला. नियमात बसतं."

"नियमाने आमच्या चर्चची पाटी पाहिलेली नाही."

बाईने परवान्याला भोक पाडून तो रद्द केला. मग विचारलं, त्याऐवजी नुसतं ओळखपत्र करून देऊ का? फोटो आता काढता येईल. डेल म्हणाला, कशाला, मी कोण आहे हे मला माहीत आहे. मग त्याने बाहेर येऊन मला फोन केला की आता मला न्यायला ये. मी टपालाच्या गाडीत बसून गेलो आणि त्याची पिकअप चालवत दोघं परत आलो. तेव्हापासून त्याची गाडी मीच चालवतो.

शिकार त्याने डोळ्याबरोबरच सोडली. अर्ज करायचा तेवढा सोडला नाही. मूस म्हणजे घोड्याच्या उंचीचं सांबर, लांब नाकाचं, दिवसभर पाणथळीतल्या वाळुंजांत उभं राहणारं. आमच्या खोऱ्यात दर वर्षी तीन मूस मारायची परवानगी निघते, आणि ती कोणाला मिळणार हे राज्य चिठ्ठ्या टाकून ठरवतं. डेल सत्तावीस वर्षं अर्ज करत होता. अर्ज भरणं ही त्याची मे महिन्यातली सवय होती, जशी काही लोकांना वसंतात खिडक्या धुवायची असते. एकाहत्तराव्या वर्षी, जूनमध्ये, त्याला परवाना लागला. पुन्हा मागायचा तर सात वर्षं थांबायचं असतं. सात अधिक सत्तावीस ही बेरीज त्या वयात कोणी मोठ्याने करत नाही.

त्याने परवान्याचं पाकीट माझ्यासमोर स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं.

"आता?" मी विचारलं.

"आता डावीकडून शिकायचं."

हे बोलायला सोपं होतं. उजवा डोळा गेला की रायफल डाव्या खांद्याला लावावी लागते, कारण नेम डाव्या डोळ्याने धरायचा असतो. पण त्याच्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे एक गोळी झाडून झाल्यावर दुसरी भरण्यासाठी जी दांडी उचलून मागे ओढायची ती, उजव्या बाजूला होती. डाव्या खांद्याला लावली की ती दांडी ओढायला हात रायफलीवरून पलीकडे न्यावा लागे, आणि तो हात नेमका उरलेल्या डोळ्यासमोरून जाई. वीस वर्षांचा माणूस हे शिकतो. डेलचा खांदा पातं दुरुस्त करता करता कधीच आखडलेला. मी म्हटलं, लिव्हरची रायफल घे, चापाखालची कडी खाली ओढली की गोळी भरते, तिला डावं-उजवं नसतं. तो म्हणाला, लिव्हरची बंदूक सिनेमातले लोक वापरतात. उसनी मिळण्याचा प्रश्न नव्हता. गावात डावरे दोनच. एक पाद्री, तो फक्त मासे धरतो. दुसरी हार्डवेअरवाल्याची मुलगी, तिची रायफल हरणापुरती आणि तिच्या मापाची.

म्हणून त्याने गुराढोरांच्या साप्ताहिकात मागच्या पानावर जाहिरात दिली. बदली हवी. उजव्या हाताची रायफल, थर्टी-ओ-सिक्स मापाच्या गोळीची, सांभाळलेली, डाव्या हाताच्या तशाच रायफलीशी. कारण डोळा.

ऑगस्टमध्ये साउथ डकोटातून पत्र आलं. लिहिणाऱ्याचं नाव लीलंड ओक्सनर. तोही सत्तरीतला, गुरं पाळणारा. त्याने लिहिलं होतं: मी जन्माचा डावरा. दोन वर्षांपूर्वी कुंपणाची तार ताणताना सुटली, डावा डोळा गेला. आता उजवीकडून शिकतो आहे. माझ्याकडे डाव्या हाताची थर्टी-ओ-सिक्स आहे, ती मला निरुपयोगी आहे. तुमचा कोणता गेला?

डेलने पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडे सरकवलं.

"दोघांचे मिळून दोन आहेत," तो म्हणाला.

यानंतर सौदा सुरू झाला. मी आयुष्यात बरेच सौदे पाहिले, ट्रॅक्टरचे, घोड्यांचे, एकदा एका दाताच्या कवळीचा. असा पाहिला नाही. डेलने लिहिलं, माझ्या दस्त्यावर ओरखडा आहे, अठ्ठ्याऐंशी साली खडकावर पडली. ओक्सनरने लिहिलं, माझ्या नळीच्या तोंडाशी गंज होता, मी घासून काढला, पण होता. डेलने लिहिलं, माझा चाप जड आहे, नव्या माणसाला त्रास होईल. ओक्सनरने लिहिलं, माझ्या रायफलीने मी एकोणीस वर्षांत चार वेळा चुकलो, त्यातल्या दोनदा दोष कोणाचा होता हे मला अजून सांगता येत नाही. प्रत्येक पत्राच्या शेवटी असायचं की तुमची माझ्यापेक्षा चांगली दिसते, तेव्हा वर काय देऊ ते कळवा.

"आणखी दोन पत्रं झाली तर तुम्ही दोघं आपापल्या रायफली भंगारात द्याल," मी म्हटलं.

"त्याला सगळं माहीत असलेलं बरं."

"लग्न लावतोयस का?"

डेलने माझ्याकडे पाहिलं. त्यासाठी त्याला आता पूर्ण मान वळवावी लागते, त्यामुळे त्याचं बघणं पूर्वीपेक्षा जास्त लागतं.

शेवटी ठरलं की रायफलीला रायफल, वर काही नाही. डेलची कल्पना होती की दोन राज्यांच्या मधे कुठेतरी एखाद्या हॉटेलात भेटावं, जेवावं, आणि बदलावं. हे तो व्हर्ना प्रिडोच्या दुकानात बोलला. व्हर्ना करवतींना धार लावते, व्हॅक्युम क्लीनर दुरुस्त करते, आणि विलो फोर्कमध्ये बंदुका विकायचा सरकारी परवाना तिच्या एकटीकडे आहे.

"जेवा," व्हर्ना म्हणाली. "बदलू नका."

"का?"

"तू मोंटानातला, तो डकोटातला. दोन राज्यांतल्या माणसांनी एकमेकांच्या हातात बंदूक द्यायची नसते. तुझी त्याच्या गावच्या परवानेवाल्याकडे जाणार, त्याची माझ्याकडे येणार. तिथे तो कागद भरेल, इथे तू भरशील. मी वॉशिंग्टनच्या लोकांना फोन करून विचारेन की हा माणूस बरा आहे ना. ते हो म्हणाले की घेऊन जा."

"वॉशिंग्टनला काय माहीत मी कसा आहे?"

"मला माहीत आहे ते त्यांना चालत नाही," व्हर्ना म्हणाली.

व्हर्नाच्या दुकानात एक जाड बांधीव वही आहे. आलेली प्रत्येक बंदूक तिच्यात डावीकडे चढते आणि गेलेली उजवीकडे. काही वर्षांनी एकदा, न सांगता, तपासनीस येतो, कोट न काढता वही उघडतो आणि भिंतीवरच्या बंदुका मोजतो. एकतीस वर्षांत त्याला एकच गोष्ट सापडली, एक सात हा एकासारखा दिसत होता. तेव्हापासून व्हर्ना साताच्या कमरेला आडवी रेघ मारते. दुधाच्या चिठ्ठीतसुद्धा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी दोघांनी एकाच दिवशी रायफली पाठवल्या. तेही पत्राने ठरलं होतं, म्हणजे कोणी आधी विश्वास ठेवला असं व्हायला नको. ओक्सनरच्या गावचा परवानेवाला पशुखाद्य विकतो. त्याने शुक्रवारी फोन करून बोलावलं आणि वीस मिनिटांत ओक्सनर रायफल घेऊन घरी गेला. आमची पुढच्या मंगळवारी आली. मूसचा हंगाम आदल्याच दिवशी उघडला होता.

व्हर्नाने खोकं उघडलं, नंबर वाचला, वहीत डावीकडे चढवला आणि सहा पानी कागद डेलपुढे ठेवला.

"ओळखपत्र," ती म्हणाली.

"कोणाचं?"

"तुझं. सरकारी, फोटो असलेलं, पत्ता असलेलं."

डेलने पाकीट काढलं, उघडलं आणि त्यात बघत राहिला. त्यात मूसचा परवाना होता, वाचनालयाचं कार्ड होतं आणि सुताराचा फोन नंबर होता. मी दुसरीकडे बघितलं.

"व्हर्ना," तो म्हणाला, "पहिलीत तू माझ्या बाकावर बसायचीस."

"बसायचे."

"माझ्या घरापासून तुझं घर सहा घरं."

"पाच. ऑलसेनांचं जळलं."

"मग?"

"कागदावर बाकाचं काही विचारलेलं नाही, डेल."

तिने खोक्यातली रायफल उचलली, मागच्या भिंतीवर लावली आणि तिच्या चापाच्या कड्याला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर लिहिलं: हाकोला. मग व्हॅक्युम क्लीनरच्या पिशव्या मोजायला बसली. आम्ही निघालो. पोस्टापाशी आल्यावर डेल म्हणाला, "बरोबर आहे तिचं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "बरोबर असेल, पण."

हंगाम नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या रविवारी संपणार होता. दहा आठवडे. ओळखपत्राला एवढा वेळ लागत नाही, असं आम्ही दोघांनीही धरलं होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी मी त्याला काउंटीच्या कचेरीत नेलं. बाई तीच होती. तिला तो आठवत होता आणि तिने तसं दाखवलं नाही. म्हणाली, जन्मदाखला लागेल. डेल घरात जन्मलेला. त्याच्याकडे होता तो फिनलंडहून आलेल्या लोकांच्या चर्चमधला बाप्तिस्म्याचा कागद, फिनिश भाषेत, त्यावर एक मेंढरू. बाईने मेंढरू पाहिलं आणि कागद परत दिला. राज्याच्या राजधानीहून जन्मदाखला मागवायचा तर फोटोचं ओळखपत्र लागतं, नसेल तर दुसरे दोन सरकारी कागद. डेलकडे काउंटीच्या पेन्शनीचा कागद होता. दुसरा सापडेना. शेवटी मूसचा परवाना चालला. राज्याच्या लेखी डेल हाकोला जन्मला होता याला आधार होता तो मूसचा.

दाखला वेळेत आला. तिसऱ्या बुधवारी खिंडीत दोन फूट बर्फ पडलं आणि बाई आली नाही. आमच्या जागी आता दोन तरुण आहेत, ते सकाळी नऊला गाडी बाहेर काढतात. आम्ही चारला काढायचो. डेलने खिडकीतून दिवसभर रस्ता पाहिला आणि कोणाबद्दल वाईट बोलला नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी फोटो निघाला. बाई म्हणाली, कार्ड टपालाने येईल, दोन ते तीन आठवडे.

"हंगाम साडेतीन आठवड्यांत संपतो," मी म्हटलं.

"कशाचा?" तिने विचारलं.

"मूसचा."

पहिल्यांदाच तिने पेन खाली ठेवलं. तिचे वडील आयुष्यभर अर्ज करत मेले, असं तिने सांगितलं. मग पेन उचललं. कार्ड राजधानीत छापतात, तिच्या हातात काही नव्हतं.

दरम्यान डेल रोज सकाळी दहाला व्हर्नाच्या दुकानात जात होता. हे दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. तो गेला आणि म्हणाला, बघू दे. दुकानातल्या दुकानात बंदूक हातात घेऊन बघायला कोणाला मनाई नाही. व्हर्नाने ती भिंतीवरून काढली, बोल्ट मागे ओढून रिकामी असल्याचं पाहिलं, त्यालाही पाहायला लावलं आणि दिली. डेल समोरच्या फळीच्या भिंतीकडे वळला. तिथे फळीत एक गाठ होती, अंड्याएवढी. त्याने रायफल उचलली आणि ती सरळ उजव्या खांद्याला गेली. गाल दस्त्यावर टेकला, मेलेला डोळा गाठीसमोर आला. तो तसाच उभा राहिला. मग त्याने खाली घेतली आणि पुन्हा उचलली. पुन्हा उजवीकडे.

"तिकडे कोणी राहत नाही आता," व्हर्ना करवतीवरून मान वर न करता म्हणाली.

रोज वीस वेळा असं ठरलं. व्हर्ना मोजायची. तिचा हात चालू असे, कानस घासत असे, आणि मधेच आकडा ऐकू येई. पहिल्या आठवड्यात वीसपैकी अकरा वेळा रायफल उजवीकडे गेली. पुढच्यात सात. मी बाकावर बसून पाहायचो. माणूस आपल्या शरीरात एका बाजूला राहतो, दुसरी बाजू सामान ठेवायला असते, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या डाव्या हाताला काही येत नव्हतं. त्या हाताने सत्तर वर्षं नुसतं धरलं होतं, उजव्याने केलं होतं. आता तो डाव्या हाताने कॉफी ढवळायला लागला. बटणं लावायला लागला, ती तिरकी लागायची. चर्चमध्ये डावा हात पुढे करायचा आणि समोरच्याचा उजवा, दोघांचे हात हवेत थोडा वेळ एकमेकांना शोधायचे.

दुकानात येणारे थांबून पाहायचे. करवत न्यायला आलेला एक लाकूडतोड्या म्हणाला, "काय मारतोय हा?"

"गाठ," व्हर्ना म्हणाली.

"लागली का?"

"अजून हलली नाही."

ऑक्टोबरच्या शेवटी मला राहवलं नाही. डेल यायच्या आधी मी व्हर्नाकडे गेलो आणि म्हटलं, माझ्याकडे वाहन परवाना आहे, फोटो आहे, पत्ता आहे. कागद मी भरतो. रायफल मी नेतो. पुढे ती कोण वापरतं ते खिंडीपलीकडे कोणाला दिसणार आहे?

व्हर्नाने कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. एका प्रश्नावर बोट ठेवलं. प्रश्न असा होता की ही बंदूक खरोखर तुम्ही स्वतःसाठी घेत आहात का.

"लिही," ती म्हणाली.

मी पेन घेतलं.

"खाली लिहिलंय, खोटं असेल तर तुरुंग. ते तुझ्यासाठी. माझ्यासाठी वेगळं पान आहे." तिचा आवाज नेहमीचाच होता. "लिही, क्लिफ. मी बघतेय असं समजू नकोस."

मी पेन ठेवलं. डेलला हे मी सांगितलं तेव्हा तो रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, "आणि मूस पडलं असतं तर? ते कोणाचं?"

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओक्सनरचा फोन आला. तोवर ते दोघं कधी बोलले नव्हते, नुसती पत्रं. डेल फोन डाव्या कानाला लावून ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल होत होता.

"नाही," तो म्हणाला. "नाही. त्याचा काय संबंध?" मग बराच वेळ काही नाही. "मिस्टर ओक्सनर, ती तुमची रायफल आहे. तुम्ही कागद भरलाय." पुन्हा काही नाही. "मग मी ती परत पाठवायला लावीन. हो. लावीन."

त्याने फोन ठेवला.

"काय झालं?"

"त्यांच्याकडे हरणाचा हंगाम शनिवारी उघडतो. हा जाणार नाही म्हणतो. म्हणतो, माझी तुमच्याकडे पोचेपर्यंत मी तुमची झाडणार नाही. अर्धी झालेली बदली बदली नाही म्हणतो."

"चांगला माणूस आहे."

"मूर्ख आहे," डेल म्हणाला. "आता दोघांचे हंगाम माझ्या पाकिटात बसलेत."

त्या दिवसापासून तो वीसऐवजी चाळीस वेळा रायफल उचलायला लागला. व्हर्ना चाळीसपर्यंत मोजायला लागली. पोस्टात तो रोज दोनदा जायचा. पोस्टातल्या बाईने त्याला दारातून आत येताना पाहिलं की ती नाही म्हणून मान हलवायची, म्हणजे त्याला खिडकीपर्यंत चालावं लागू नये.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी, तिने मान हलवली नाही.

आम्ही पाकीट न उघडताच व्हर्नाकडे गेलो. डेलने ते तिच्यासमोर फाडलं. व्हर्नाने कार्ड हातात घेतलं, चष्मा लावला, फोटो पाहिला, डेलकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. फोटोत दोन्ही डोळे सारखेच निळे होते, कोणता गेलेला आहे ते सांगता येत नव्हतं.

"तूच आहेस," ती म्हणाली.

"पासष्ट वर्षं लागली तुला."

"पत्ता वाच."

"तुला माहीत आहे पत्ता."

"वाच."

त्याने पत्ता वाचला. मग कागद भरायला बसला. अक्षर बारीक होतं म्हणून प्रश्न तो मोठ्याने वाचत होता. तुमच्यावर गुन्ह्याचा खटला आहे का. नाही. तुम्ही कायद्यापासून फरार आहात का.

"गाडीचा परवाना नसताना फरार कसं होतात?" त्याने विचारलं.

"खूण कर आणि पुढे चल."

व्हर्नाने फोन लावला, नंबर सांगितले, थांबली. दुकानात भट्टीचा पंखा चालू होता. चार मिनिटं गेली असतील. तिने फोन ठेवला, वही उघडली, उजव्या बाजूला डेलचं नाव लिहिलं, चापाच्या कड्याची चिठ्ठी कात्रीने कापली आणि रायफल काउंटरवर आडवी ठेवली.

"द्या म्हणाले," ती म्हणाली.

डेलने तिच्याच फोनवरून साउथ डकोटाला फोन लावला. "मिळाली," तो म्हणाला. "आता जा बाहेर. नाही, जेवण उद्या आहे. आज उजेड आहे. जा."

गुरुवारी सगळं गाव टर्की खात होतं तेव्हा आम्ही वाळूच्या खाणीत पुठ्ठ्याचं खोकं लावून नेम बसवत होतो. नऊ गोळ्या लागल्या. पहिल्या गोळीला डेल दोन पावलं मागे गेला आणि खांदा चोळत उभा राहिला.

"खांद्याला कोणी सांगितलंच नव्हतं," तो म्हणाला. दोन महिने त्याने रिकामी रायफल उचलली होती.

शुक्रवारी काही दिसलं नाही. शनिवारी धुकं होतं आणि धुक्यात एक गाय दिसली, मूससारखी उभी. रविवारी, शेवटच्या दिवशी, आम्ही पहाटेपासून खालच्या वाळुंजांत होतो. डेल पुढे चालत होता, मी त्याच्या उजवीकडे. तिकडचं पाहायचं काम माझं होतं. तासन्तास काही नव्हतं. बर्फावर फक्त आमचेच पाय उमटत होते. मी मनात ठरवत होतो की परतताना गाडीत काय बोलायचं, आणि काही ठरत नव्हतं. सत्तावीस वर्षं एखाद्या गोष्टीची वाट पाहिलेल्या माणसाशी ती न झाल्यावर काय बोलतात हे मला कोणी शिकवलेलं नाही.

तीन वाजायच्या सुमारास ते दिसलं. डावीकडे होतं, त्यामुळे त्यानेच आधी पाहिलं. बीव्हरने अडवलेल्या पाण्याच्या कडेला एक नर, फार मोठा नाही, पोटापर्यंत वाळुंजांत, तोंडातून वाफ येत होती. शंभर यार्ड असेल. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि ते चघळत राहिलं.

डेलने रायफल उचलली. ती डाव्या खांद्याला गेली, दुसरीकडे जायचं असतं हे कधी माहीतच नसल्यासारखी. त्याने श्वास सोडला आणि चाप दाबला.

मूस पडलं नाही. ही जनावरं कधी कधी पडत नाहीत. गोळी लागते आणि ती उभी राहतात, लागल्याचा निरोप अजून आला नसल्यासारखी. त्याने एक पाऊल खोल पाण्याकडे टाकलं. तिथे गेलं असतं तर आम्ही दोघांनी ते बाहेर काढलं नसतं. मी डेलकडे पाहिलं. त्याचा गाल दस्त्यावरून हलला नव्हता. डोळा उघडा होता. फक्त हात वर गेला, दांडी उचलली, मागे, पुढे, खाली. रिकामं काडतूस बर्फात पडलं. दुसऱ्या गोळीला मूस गुडघ्यांवर आलं, मग कुशीवर, काठाला अर्धं पाण्यात.

आम्ही वाळुंजांतून वाट काढत गेलो. जवळून ते वाटलं त्यापेक्षा खूप मोठं होतं. सगळीच तशी असतात. डेलने टोपी काढली आणि परत घातली. मूसच्या पापणीला बोट लावून ते मेलंय ना ते पाहिलं. पाण्याच्या कडेला आधीच पातळ बर्फ धरत होतं. सूर्य डोंगराला टेकायला तासभर होता. माझं वय सहासष्ट, त्याचं एकाहत्तर, आणि पुढ्यात हजार पौंडांचं जनावर.

"व्हर्नाला फोन करावा लागेल," मी म्हटलं. "तिच्याकडे ओढायची घसरगाडी आहे."

"नंतर. आधी परवाना."

मूस पडलं की त्याला हात लावायच्या आधी परवान्यावरचा महिना आणि तारीख कापायची असते. डेलने पाकिटातून तो काढला, घड्या पडून मऊ झालेला, आणि मूसच्या बरगड्यांवर सपाट ठेवला. सुरी उघडली. आधी नोव्हेंबरचा चौकोन, मग तारखेचा. दोन्ही नीट निघाले, कडा सरळ. सुरी त्याच्या डाव्या हातात होती. त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं, आणि मी बोललो नाही. पाणी गोठायच्या आत मागचे पाय बाहेर ओढायचे होते.